जळगावचा एक मानसोपचार दवाखाना आणि विदगावचा पूल

आमच्याकडे दवाखान्याची परीक्षा हातगुणावर होते. एका सलाईनने ताप उतरला की डॉक्टरच्या हाताला यश आहे असे ठरते, आणि दुसऱ्या दिवशीही ताप राहिला की रुग्ण दुसऱ्या पाटीखाली जाऊन बसतो. ज्या दवाखान्याविषयी मी लिहीत आहे तेथे सलाईन लावत नाहीत, सुई टोचत नाहीत, आणि पहिल्या आठवड्यात तर बरे वाटण्याऐवजी थोडे अधिक अस्वस्थ वाटण्याचीच शक्यता असते. त्यामुळे त्याची परीक्षा कशाने करावी हे ठरवायलाच मला बराच काळ लागला. दवाखाना जळगाव शहरात आहे, मानसोपचाराचा आहे आणि मी त्याचा सव्वा वर्षापासूनचा रुग्ण आहे. त्याचे नाव मात्र लिहिणार नाही, कारण चोपडा तालुक्यातील आमचे गाव एवढे लहान आहे की दवाखान्याचे नाव आणि एका माध्यमिक शिक्षकाचा उल्लेख एकत्र आला की पुढचे कोणाला सांगावे लागत नाही.

जून २०२३ मध्ये शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि मी पुस्तकांच्या कामासाठी एसटीने जळगावला निघालो होतो. विदगावजवळ तापीच्या पुलावर समोरून आलेल्या केळीच्या ट्रकमुळे गाडी थांबली. काही कारण नसताना छातीत धडधड सुरू झाली, हातांना मुंग्या आल्या, घशाला कोरड पडली, आणि आपण आता या गाडीतच संपणार अशी खात्री झाली. ‘भीती वाटली’ असे मी म्हणत नाही, खात्रीच झाली. शेजारच्या प्रवाशाने पाणी दिले, कंडक्टरने गाडी पूल ओलांडताच बाजूला घेतली, आणि वीसेक मिनिटांत सगळे ओसरले. त्या दिवशी जळगावात पोहोचल्यावर मी पुस्तकांच्या दुकानाऐवजी हृदयरोगतज्ज्ञाकडे गेलो. तेही बरोबरच होते, कारण छातीत दुखणे किंवा धडधड पहिल्यांदा होते तेव्हा आधी हृदयच तपासले पाहिजे, हे मला पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरांनीही सांगितले.

चूक त्यानंतर झाली. कार्डिओग्राम निर्दोष आला, टू-डी इको निर्दोष आला, पट्ट्यावर पळवून घेतलेली चाचणीही निर्दोष आली. तरी पुढच्या अकरा महिन्यांत मी चार ठिकाणी मिळून सहा वेळा कार्डिओग्राम काढून घेतला. एका ठिकाणी पित्त सांगितले, दुसऱ्या ठिकाणी गॅस, तिसऱ्या ठिकाणी जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी निघताना ‘तुम्हाला काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य मिळाले. ते वाक्य ऐकून दोन दिवस बरे वाटे आणि तिसऱ्या दिवशी शंका परत येई. घरच्यांनी दृष्ट काढली. एका नातेवाइकाने, स्वतःला हृदयविकार असल्याने, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी माझ्या खिशात घातली, आणि ती पट्टी जवळ नसेल तर मी गल्लीच्या टोकापर्यंतही जाईनासा झालो. हळूहळू जळगाव बंद झाले, लग्नकार्ये बंद झाली, परीक्षेच्या केंद्रावरचे काम मी सहकाऱ्यांच्या गळ्यात घातले. झटका महिन्यातून दोनदा येत असे, पण उरलेले अठ्ठावीस दिवस तो येईल या धाकात जात, आणि आजार खरे तर या धाकाचाच होता हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

सांगितले ते पहिल्यांदा फोनवर. मे २०२४ मध्ये एका रात्री दोनच्या सुमारास नाडी मोजत बसलेलो असताना पत्नीने शाळेत लावलेल्या भित्तिपत्रकावरचा क्रमांक आठवून ‘टेलिमानस’ला फोन लावला. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत करणारी केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे, ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या बाईंनी आधी छातीतल्या दुखण्याविषयी आणि झालेल्या तपासण्यांविषयी विचारले, मग झोप, काम आणि टाळाटाळ यांविषयी, आणि शेवटी मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावे असे स्पष्ट सुचवले. अकरा महिन्यांत ‘काही झालेले नाही’ याऐवजी ‘जे होते आहे त्यावर उपचार आहे’ असे कोणी म्हटल्याची ती पहिली वेळ होती.

आता दवाखान्याविषयी. तो पहिल्या मजल्यावर आहे, खाली औषधांचे दुकान आहे आणि जिना रस्त्याच्या बाजूला उघडतो. या रचनेबद्दल माझी पहिली तक्रार आहे, कारण जिन्यावर चढणारा माणूस समोरच्या चहाच्या टपरीवरून स्पष्ट दिसतो. आपल्या भागात अजूनही ‘वेड्याचा डॉक्टर’ हाच शब्द चालतो आणि सरकारी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी दूर असल्याने ‘ठाण्याला नेऊन टाका’ ही थट्टा घरोघरी ऐकू येते. अशा ठिकाणी पहिल्यांदा येणारा माणूस तो जिना चढण्याआधी दोनदा पुढे निघून जातो. मी तसा गेलो होतो. दुसरी तक्रार वेळेची आहे. अकराची वेळ दिली होती आणि आत बोलावले ते एक वाजून चाळीस मिनिटांनी. तिसरी आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की स्वागतकक्षातला मुलगा रुग्णाचे पूर्ण नाव, गावासकट, मोठ्याने पुकारतो. भरलेल्या बाकांवर माझे नाव आणि गाव उच्चारले गेले तेव्हा पत्नी हलकेच म्हणाली, “अहो, आता उठा, नाहीतर तो पुन्हा ओरडेल.”

आतला अनुभव याच्या अगदी उलट होता. डॉक्टर मॅडमनी माझी जाडजूड फाईल घेतली, शांतपणे शेवटपर्यंत चाळली, बंद करून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “सर, यात एकच तपासणी राहिली आहे, थायरॉइडची. ती करू. आता मला पुलाविषयी सांगा.” त्यानंतर त्या चाळीस मिनिटे ऐकत आणि विचारत होत्या. चहा किती, तंबाखू किती, दारू आहे का, कोणती औषधे चालू आहेत, घरात कोणाला असा त्रास होता का, झटका किती मिनिटांत टोकाला जातो, झटका नसतानाच्या दिवशी मन कशात असते. जगणे नको असे कधी वाटले का, हेही त्यांनी सरळ विचारले. पत्नी दचकली, तेव्हा त्यांनी तिला समजावले की हा प्रश्न विचारल्याने असा विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट असेल तर तो बोलून मोकळा होतो. नंतर पाच मिनिटे त्या पत्नीशी वेगळ्या बोलल्या आणि मी न सांगितलेली निम्मी टाळाटाळ त्यांना तेथे कळली.

मग सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थता, न थांबणारी काळजी, चिडचिड, काहीतरी भयंकर घडेल अशी धास्ती हे किती दिवस जाणवले, याला शून्य ते तीन असे गुण द्यायचे असतात. एकूण २१ पैकी दहा किंवा अधिक आले तर पुढे नीट तपासावे असा संकेत आहे. माझे १६ आले. मॅडमनी लगेच सांगितले की हा कागद तापमापकासारखा आहे, त्यावरून ताप कळतो, तापाचे कारण कळत नाही. मला ही सावधगिरी फार आवडली, कारण हल्ली असले कागद मोबाईलवर फिरतात आणि लोक स्वतःच स्वतःचे निदान करून मोकळे होतात.

येथे एक निरीक्षण नोंदवले पाहिजे. तो कागद प्रमाण मराठीत आहे आणि त्यात ‘चिंताग्रस्त’सारखे शब्द आहेत. माझ्यानंतर अमळनेरकडच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांना तो शब्दच उमगेना. तेव्हा तेथल्या परिचारिकेने कागद बाजूला ठेवून “आजी, जीव घाबरस का? छातीमा धडधड करस का? रातले झोप लागस का?” असे विचारायला सुरुवात केली आणि आजी पाच मिनिटांत दोन वर्षांचे सगळे सांगून मोकळ्या झाल्या. खानदेशात चालणाऱ्या दवाखान्यात हा कागद अहिराणीत छापलेला असायला हवा. परिचारिका सुट्टीवर असेल त्या दिवशी आजींचे काय होत असेल, हा प्रश्न मी मॅडमना विचारला. त्यांनी तो टिपून घेतला.

निदान सांगण्याची पद्धत हा या दवाखान्याचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. मॅडमनी कागदावर छातीचे चित्र काढले नाही, चोराच्या घंटेचे काढले. धोका दिसला की शरीर पळायच्या तयारीला लागते, हृदय वेगाने चालते, श्वास जलद होतो. माझ्या शरीरातली ती घंटा चोर नसताना वाजते, एवढाच बिघाड. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि म्हणून बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, हे ऐकल्यावर मी अकरा महिने ज्या मुंग्यांना लकव्याची सुरुवात समजत होतो त्यांचा धाक बसल्या जागी निम्मा झाला. झटका काही मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि मग उतरतोच, हेही तेव्हाच कळले. अनपेक्षित झटके पुन्हा पुन्हा येणे आणि त्यानंतर महिनाभर किंवा अधिक काळ पुढच्या झटक्याच्या भीतीत राहणे किंवा त्यासाठी वागणे बदलणे, याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात; ज्यांना झटके येत नाहीत पण सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस शेती, मुलेबाळे, पैसा, प्रकृती अशा सगळ्याच गोष्टींची आवरता न येणारी काळजी असते, झोप लागत नाही आणि अंग आखडलेले राहते, त्यांचा आजार वेगळा; आणि चारचौघांत बोलायच्या धास्तीने माणसांतच न जाणे हा तिसरा. माझ्या वर्गातली फळ्याकडे बोलावले की पांढरी पडणारी एक मुलगी मला त्या क्षणी आठवली, आणि तिला मी दोन वर्षे ‘भित्री’ म्हणत होतो याची लाज वाटली.

काळजी कोणाला नाही, कापसाचा भाव पडला की सारा तालुका काळजीत असतो, असे मी मॅडमना म्हणालो. त्या म्हणाल्या, “भाव पडल्याच्या काळजीने शेतकरी बाजार समितीत जातो. तुमच्या काळजीने तुम्ही जळगावला यायचे बंद झालात.” आजार ओळखण्याची याहून सोपी खूण मला नंतर कोठे सापडली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात ३० कोटींहून अधिक लोकांना चिंताविकार होता आणि गरज असलेल्यांपैकी साधारण चौघांतल्या एकालाच काही उपचार मिळतो. उरलेले तिघे कोठे असतात याची मला कल्पना आहे. मी अकरा महिने त्यांच्याबरोबर कार्डिओग्रामच्या रांगेत होतो.

औषधांविषयी अर्धवट ऐकलेले बरेच असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मला एस्सिटालोप्राम हे चिंता कमी करणारे औषध सुरू केले, तेही आधी कमी मात्रेत. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, थोडी अधिक बेचैनी आणि झोपेची ओढाताण होऊ शकते, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे किंवा थोडे अधिकही लागतात, आणि मधेच मनाने बंद करायचे नाही, हे मॅडमनी मला आणि पत्नीला वेगवेगळे सांगितले आणि कागदावर लिहूनही दिले. चौथ्या दिवशी बेचैनी वाढली तेव्हा तो कागद नसता तर गोळ्या तापीत गेल्या असत्या. क्लोनाझेपाम हे लगेच शांत करणारे औषध फक्त दोन आठवड्यांसाठी दिले होते आणि त्याची सवय लागू शकते म्हणून ते हळूहळू बंद केले. गावातला औषध दुकानदार, ओळखीचा असल्याने, ‘मास्तर, ही झोपेची गोळी आहे, हवी तेव्हा न्या’ असे प्रेमाने म्हणाला होता. हे प्रेम नाकारावे लागते. बरे वाटू लागल्यावरही काही महिने औषध चालू ठेवायचे असते आणि बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पायरीपायरीने मात्रा उतरवायची असते. माझी मात्रा सध्या उतरवणे चालू आहे.

समुपदेशनाची व्यवस्था मात्र अपुरी आहे. मानसशास्त्रज्ञ बुधवारी आणि शनिवारी अशा दोनच दिवशी येतात आणि वेळ मिळायला दोन-तीन आठवडे लागतात. औषध न घेताही केवळ या उपचाराने बरे होणारे रुग्ण असतात, असे मॅडम स्वतःच सांगतात. मग ज्या गोष्टीला त्या एवढे महत्त्व देतात तिच्यासाठी दोनच दिवस का, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही. माणसे मिळत नाहीत, एवढेच कळले.

मिळालेला वेळ मात्र सार्थकी लागला. मानसशास्त्रज्ञ सरांनी पहिल्या भेटीत मला खुर्चीत बसवून मिनिटभर जलद श्वास घ्यायला लावला. मुंग्या आल्या, धडधड झाली, आणि नेमका पुलावरचा अनुभव त्या खोलीत, पंख्याखाली, माझ्याच श्वासाने तयार झाला. दोन मिनिटांत तो गेलाही. मग आम्ही पुलाची पायरीपायरीने यादी केली. पहिल्या पायरीला पत्नीबरोबर स्कूटरवर विदगावपर्यंत जाऊन पुलाच्या अलीकडे थांबायचे. धडधड सुरू झाली तरी परत फिरायचे नाही, ती उतरेपर्यंत उभे राहायचे. अर्धवट असताना पळालो तर मन हेच शिकते की पळालो म्हणून वाचलो. पहिल्या दिवशी आम्ही तेथे पंचेचाळीस मिनिटे उभे होतो. ओळखीचे दोघे थांबून ‘गाडी पंक्चर झाली का?’ असे विचारून गेले आणि पत्नीने दोघांनाही ‘हो’ सांगितले. पुढच्या आठवड्यांत स्कूटरवरून पूल ओलांडणे, मग पुलाच्या मध्यावर थांबून खाली पाणी पाहणे, मग एसटीत खिडकीशी बसणे, मग एकट्याने जाणे, असे चालले. खिशातली ती जिभेखालची गोळ्यांची पट्टी कधी सोडायची, हे सरांनी मॅडमना विचारून ठरवले. मला हृदयविकार नसल्याने आणि त्या गोळ्या माझ्यासाठी कोणी लिहूनही दिलेल्या नसल्याने, त्या नातेवाइकाला परत करायच्या असे ठरले. त्या परत करताना हात थरथरला, हे खोटे सांगण्यासारखे नाही. ऑक्टोबरमध्ये मी एकटा एसटीने जळगावला गेलो. पुलावर गाडी थांबलीच, धडधड झालीच, आणि मी घड्याळ पाहत बसलो. सात मिनिटे लागली.

खर्चाचा हिशेब असा. पहिल्या भेटीचे सहाशे रुपये, नंतरच्या प्रत्येक भेटीचे तीनशे, समुपदेशनाच्या तासाला आठशे, आणि औषधाला महिन्याला सुमारे दोन-अडीचशे. सव्वा वर्षाचा एकूण आकडा माझ्या सहा कार्डिओग्राम, इको, दुर्बिणीची तपासणी आणि इंजेक्शने यांच्या खर्चाहून कमी भरला. ज्यांना हेही झेपत नाही त्यांनी आधी सरकारी दारात जावे असे मी सांगेन. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा तेथे नाममात्र शुल्कात मिळते. मी खाजगी दवाखाना निवडला याचे कारण सरकारी उपचार कमी प्रतीचा असतो हे नव्हे. सरकारी रुग्णालयात माझे तीन माजी विद्यार्थी नोकरीला आहेत आणि तेव्हा मला त्यांना तोंड दाखवायचे नव्हते. आज त्या कारणाचे मला हसू येते, पण पहिला जिना चढणाऱ्या माणसाला अशी कारणे डोंगराएवढी वाटतात, आणि दवाखान्यांनी ती तशीच धरून चालले पाहिजे.

सात प्रश्नांच्या कागदावर माझे गुण आता चार आहेत. दवाखान्याला मी पाचपैकी चार देतो. अर्धा गुण समुपदेशनाच्या दोन दिवसांसाठी कापला आहे आणि अर्धा नाव पुकारण्यासाठी. नावाविषयी मी तक्रारवहीत दोनदा लिहिले होते. गेल्या भेटीत गेलो तेव्हा टोकनची पद्धत सुरू झालेली दिसली आणि समाधान वाटले. माझ्या हातात सतरा क्रमांकाचे टोकन होते. दीड वाजता त्या मुलाने दार उघडले आणि सगळ्या बाकांवरून नजर फिरवत मोठ्याने विचारले, “सतरा नंबर, चोपड्याचे सर कोण?”